साळूने पाठवलेली नेपती

फार पूर्वी, पक्षी टपाल वाहत असत त्या काळी, एका उजाड माळावर साळू नावाची साळिंदर राहत होती. तिला फुलांची चित्रे जमवायचा नाद होता. हिमालयातली तिची मैत्रीण याक दरवर्षी भूर्जपत्रावर जर्दाळूचा बहर काढून करकोच्याबरोबर पाठवी. साळू त्याबदल्यात कमळ काढून पाठवी. खरे तर तिने कमळ कधी पाहिलेच नव्हते.

एकदा याकचा निरोप आला, "कमळं छान आहेत गं, पण तुझ्या दारात काय फुलतं?"

साळूच्या दारात होती नेपती. पान एक नाही, नुसते काटे, आणि वसंतात त्यांच्यावर लाल फुले.

शेजारचा मोर म्हणाला, "हे काटेरी झुडूप पाठवतेस? माळाची लाज काढशील!"

साळू ताठ उभी राहिली. "काटे माझ्याही अंगावर आहेत, मोरभाऊ. मला नाही त्यांची लाज वाटत."

तिने स्वतःचाच एक काटा घेतला, लाल मातीत बुडवला आणि नेपती हुबेहूब काढली.

पुढच्या हिवाळ्यात करकोचा एकटा आला नाही. त्याच्यामागे अख्खा थवा उतरला. "याकबाईंकडचं चित्र बघायला सगळं खोरं लोटतंय," तो म्हणाला. "पानावाचून इतकं फुलतं, हे कुणाला खरंच वाटत नाही. आम्ही बहर पाहूनच परत जाणार."

नेपती फुलली, तेव्हा सर्वांच्या पुढे मोर उभा होता.

"जरा लांबून बघा," तो पाहुण्यांना दरडावत होता. "आमच्या माळाची नेपती आहे ही!"