मोतीगाठ आणि रेशीमसूत

मुळांच्या खाली आणि खडकाच्या वर पसरलेल्या त्या राज्यात आधी नाव मिळे आणि मग जागा. ज्याला नाव नाही त्याला दालन नाही, ज्याला दालन नाही त्याला ओलाव्याचा वाटा नाही, असा तिथला साधा नियम होता. हा नियम कुणा दुष्टाने केलेला नव्हता. फार पूर्वी एकदा माती आतपर्यंत तापली होती आणि ओलाव्याच्या थेंबासाठी सगळे एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. त्यातून जे उरले त्यांनी ठरवले, की यापुढे ज्याने त्याने आपल्या जातकुळीबरोबर राहावे, आपल्या जातकुळीचे खावे आणि दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये. तेव्हापासून राज्यात शांतता होती.

कोण कोणत्या जातकुळीचे, हे ठरवायचे काम एका म्हाताऱ्या गोगलगायीकडे होते. सगळे तिला गोगलमावशी म्हणत. तिचे डोळे शिंगांच्या टोकांवर होते आणि ते लांबवून ती बारीकातले बारीक अंग पाहू शके. माती ढवळली गेली की परक्या मुलखातले जीव राज्यात येऊन पडत. त्यांतले बहुतेक सूत्रकृमी असत, म्हणजे दोऱ्यासारखे, असून नसल्यासारखे दिसणारे जीव. मावशी त्यांना ओल्या खापरीवर निजवी. "हलू नको हं राजा, हललास की माप चुकतं," असे म्हणत ती त्यांची लांबी, रुंदी, शेपटीचे टोक, ओठांची ठेवण, तोंडातले हत्यार, सगळे निरखून पाही. मग पूर्वी कुणालाच दिलेले नाही असे एक नाव ती त्या जिवाला देई आणि आपल्या पोटाखालच्या चिकाने ते त्याच्या शेपटीशी उमटवी. चीक वाळला की त्याचा चकचकीत पापुद्रा होई, आणि तो कातडीला असा धरे की काही केल्या सुटत नसे.

मावशीचा या कामावर जीव होता. पुढचे नाव काय द्यावे याचा विचार करत ती कुजक्या पानांवरून चालता चालता एकटीच हसत असे. ती नाव ठेवी, पण नावे कुणालाच ठेवत नसे. ज्याला सगळे जंत म्हणून झिडकारत त्याच्याही शेपटीत तिला काहीतरी देखणे सापडे. आपण दिलेले एकही नाव आजवर मागे घ्यावे लागले नाही, याचा मात्र तिला अंमळ अभिमान होता. म्हातारपणी एवढे चालायचेच.

एकदा वरच्या जगात कुणीतरी दुरून आणलेले एक रोप मातीच्या गोळ्यासकट लावले. त्या गोळ्यातून एका मुळाची गाठ राज्यात उतरली. गाठीला एक गोल, पांढरीशुभ्र बाई चिकटलेली होती. तिच्या तोंडातली पोकळ सुई मुळात रुतली होती आणि त्या सुईनेच ती जेवत होती. तिच्याभोवती नुकतीच अंड्यातून निघालेली एक पोर वळवळत होती, दोऱ्याइतकी बारीक. गोल बाई तिला सुतळी म्हणून हाक मारत होती.

बाईला जागचे हलता येत नव्हते, म्हणून मावशी स्वतः तिथे गेली. एकाच दिवशी दोन नव्या जाती! मावशीची शिंगे आनंदाने थरथरू लागली. गोल बाईला तिने नाव दिले मोतीगाठ, आणि पोरीला खापरीवर निजवून, मापून, नाव दिले रेशीमसूत. दोघींच्याही तोंडात एकसारखी सुई होती, तीही तिने पाहिली. पण सुया पुष्कळांच्या तोंडात असतात, म्हणून ती गोष्ट तिने फारशी महत्त्वाची धरली नाही.

"मावशी, ती माझी लेक आहे," मोतीगाठ म्हणाली.

मावशी मायेने हसली. "असं सगळेच म्हणतात गं. परक्या मुलखात पडलं की जवळ दिसेल तो आपलाच वाटतो."

"वाटत नाही हो, आहे. मीच जन्म दिलाय तिला."

"तुझी लेक, आणि अंगात कुठे गोलाई नाही? तू ही अशी घागर, आणि ही बघ."

"मीही तशीच होते."

"असशीलही. पण ते मी पाहिलेलं नाही. समोर दिसतं त्याचं माप निघतं बाई, होऊन गेलेल्याचं कसं काढू?"

मोतीगाठीने मावशीच्या पाठीवरच्या शंखाकडे पाहिले. मग म्हणाली, "तुमच्या शंखाचे वेढे टोकाकडे लहान लहान होत गेलेत, मावशी. अगदी टोकाला तर एवढासाच शंख आहे. तो कुणाचा?"

मावशीने आपला शंख कधी पाहिला नव्हता. तिचे डोळे सगळीकडे वळत, पण पाठीवरच्या त्या टोकापर्यंत पोचत नसत. "बोलायला हुशार आहेस," ती म्हणाली आणि पोरीच्या शेपटीवरचा चीक वाळला का ते पाहू लागली.

बारीक, सरळ आणि हिंडत्याफिरत्या जातींची जागा वाळूकडच्या दालनात होती. वेशीवर पहारा देणारे मुंगळे सुतळीला न्यायला आले. मोतीगाठीला लेकीच्या मागे दोन पावलेही जाता येत नव्हते. तिने तिथूनच सांगितले, "बाळ, तुझ्या पोटात मी शिदोरी बांधून दिलीय. ती सरायच्या आत जिवंत मुळाला तोंड लाव. दुसरं काही तुला पचायचं नाही." वाळूच्या दालनात मूळ नव्हते. हे मोतीगाठीला माहीत नव्हते, आणि ज्यांना माहीत होते त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही.

वाळूतले लोक स्वभावाने चांगले होते. आपल्यातलीच एक आली म्हणून त्यांनी सरकून जागा दिली. त्यांच्या तोंडात सुया नव्हत्या, सरळ नळ्या होत्या, आणि कुजलेल्या पानांवर धरणारी बुळबुळीत साय ते सुर्रकन ओढून घेत. सुतळीलाही त्यांनी भरपूर साय वाढली. तिने सुई लावून पाहिली. सुई आरपार गेली आणि कोरडीच बाहेर आली.

"नाव तर आमच्यातलं आहे," त्या दालनातले सगळ्यांत वडीलधारे लांबोटे आजोबा म्हणाले, "मग जेवायला काय झालं? अन्नाला नाक मुरडू नये, पोरी."

"मला मूळ लागतं, आजोबा."

"मूळ? मुळं गोल लोक खातात. तू गोल आहेस का?"

सुतळीने स्वतःकडे पाहिले. ती गोल नव्हती. आपलेच काहीतरी चुकते आहे असे तिला वाटू लागले. मग ती रोज सगळ्यांबरोबर सायीपाशी जाऊन बसे आणि सगळ्यांबरोबर उठे. तिच्या काचेसारख्या अंगातून शिदोरीचे तेल चमकताना दिसत असे. ती चमक शेपटीकडून विझत चालली.

मावशी अधूनमधून आपल्या नावांची खुशाली विचारायला दालनांतून फिरे. सुतळीला पाहून तिचे पाऊल थबकले. "अगं रेशीमसूत, ही काय दशा?" म्हणून तिने स्वतः जाऊन कोवळ्या पानावरची साय आणली, जवळ बसून पोरीला गोंजारले, दोन घास खा म्हणून विनवले; सुई पुन्हा कोरडीच बाहेर आली.

सुतळी म्हणाली, "मावशी, मला नीट रेशीमसूत होता येत नाहीये का?"

मावशीने तिच्या शेपटीवरचे नाव पुन्हा वाचले. "नाव तर किती छान शोभतं तुला," ती म्हणाली. तेथून निघताना मात्र तिला नवे नाव सुचेना, की हसूही येईना. तिची पावले आपोआप मोतीगाठीकडे वळली.

मोतीगाठ थकली होती. तिच्यामागे चिकाच्या गोळ्यात पुष्कळ अंडी होती. मावशीने डोळे लांबवून पाहिले, तर अंड्याच्या पातळ कवचाआड एक बारीक दोरा वेटोळे घालून बसलेला. "अगंबाई!" मावशी म्हणाली, "त्या रेशीमसुतांनी तुझ्या घरात अंडी घातली की! चोरटी जात दिसते." शहाणी माणसे सुतावरून स्वर्ग गाठतात ते असे.

"मावशी," मोतीगाठ म्हणाली, "आज माप नका काढू. नुसत्या बसा ना माझ्याजवळ."

मावशी बसली. नुसते बसायची तिला सवय नव्हती. आतला दोरा कूस बदलत होता. मग कवचाला आतून काहीतरी टोचू लागले. टोचे, थांबे, पुन्हा टोचे. शेवटी कवच फाटले आणि त्या फटीतून इवलीशी पोकळ सुई बाहेर आली. मावशीने त्या सुईकडे पाहिले. मग मुळात रुतलेल्या मोतीगाठीच्या सुईकडे पाहिले. मग तिला तिसरी सुई आठवली, वाळूतली, कोरडी.

मावशीला रडू आले आणि तिने ते लपवलेही नाही. पण डकवलेले नाव निघत नव्हते. ओढले तर कातडीसकट येणार होते. नाव असलेल्या जिवाला दालनाबाहेर पाऊल टाकता येत नसे, त्यासाठीच वेशीवर मुंगळे होते. आणि एक नाव चुकले असे तिने उघड म्हटले असते, तर उद्या प्रत्येक दालनातून कुणी ना कुणी येऊन म्हणाले असते, माझेही पुन्हा बघा. ओलाव्याची सगळी वाटणी त्या नावांवर उभी होती. हे सारे खरे होते. पण तेल विझले की ते सुंदर नाव एका मढ्यावर राहणार होते, हेही तितकेच खरे होते. मावशी वाळूकडे निघाली. गोगलगायीने घाई केली तरी ती गोगलगायच. त्या दिवशी मावशीला आपल्या चालीचा जन्मात पहिल्यांदा राग आला.

सुतळी सायीपाशीच पडलेली होती. शिदोरीचा एकच ठिपका छातीशी उरला होता. मावशीने तिला अलगद आपल्या शंखात घेतले, वर पानाचा तुकडा ओढला आणि काही झालेच नाही अशा चेहऱ्याने निघाली. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, ते तिला तेव्हा कुठे लागू पडले.

वाटेत शंखातून क्षीण आवाज आला. "मावशी, मी आत आत आले, तर इथे टोकाला फार अरुंद आहे. इथे कोण राहायचं?"

"किती अरुंद आहे गं?"

"माझ्याएवढं कुणी असेल तरच मावेल."

मावशी थांबली. "मी राहायचे," ती म्हणाली. "मला आठवत नाही. पण मीच असणार."

वेशीवर मुंगळ्यांनी मिशा आडव्या धरल्या. "शंखात कोण आहे, मावशी? नाव सांगा आणि जा."

खरे नाव सांगितले तर वेस बंद होणार होती. खोटे नाव मावशीने आयुष्यात उच्चारले नव्हते.

"ठाऊक नाही," ती म्हणाली.

मुंगळ्यांच्या मिशा जागच्या जागी थिजल्या. "तुम्हाला ठाऊक नाही?"

"नाही. अजून ठाऊक नाही."

ज्याचे नाव ठाऊक नाही तो जीव मावशीच्या ताब्यात, असा नियम होता. मुंगळे बाजूला झाले. मावशी मुळाशी पोचेपर्यंत ती बातमी सगळ्या दालनांत पोचली होती, की मावशीचे आता वय झाले.

मोतीगाठीने लेकीला पाहिले. मावशीने सुतळीला तिच्या शेजारी मुळावर ठेवले. सुतळीने सुई लावली, पण सुई आत ढकलायचे बळ तिच्यात उरले नव्हते.

"टोच, बाळ," आई म्हणाली. "अंड्यात टोचत होतीस ना, तशीच. थांब थोडी. आता पुन्हा टोच."

मावशीला ते बघवेना. तिने डोळे शिंगांत ओढून घेतले आणि नुसते ऐकत राहिली. आईचा आवाज एका लयीत येत होता, पुन्हा टोच, पुन्हा टोच. मग तो थांबला. मावशीने घाबरत डोळे बाहेर काढले. सुई मुळात शिरली होती, आणि सुतळीच्या घशाशी काहीतरी हळूहळू हलत होते.

त्यानंतर खापरीपुढची रांग लांबली. मावशी आता माप काढण्याआधी नव्या जिवाला बराच वेळ नुसते बसवून ठेवी, आणि लोक कुरकुरत. पूर्वी नाव मिळालेलेही येऊ लागले. लांबोटे आजोबा एकदा दबकत आले, "माझं जरा पुन्हा बघता का?" म्हणून. दालनांत भांडणे वाढली, ओलाव्यावरून दोनदा प्रकरण मारामारीपर्यंत गेले, आणि मुंगळे त्याचे खापर मावशीवर फोडत. मावशी ते ऐकून घेई.

वरच्या रोपाला फुले आली तेव्हा मावशी पुन्हा त्या मुळापाशी गेली. गाठ चांगली मोठी झाली होती. गाठीत दोघी जणी एकमेकींना टेकून होत्या, दोघीही गोल, दोघीही पांढऱ्याशुभ्र. एकीच्या अंगावर मोतीगाठ असा पापुद्रा होता. दुसरीच्या अंगावर काहीच नव्हते, आणि ती शांतपणे जेवत होती. मावशीने मापही काढले नाही आणि हाकही मारली नाही.

परत फिरताना गाठीच्या तोंडाशी तिला काहीतरी चमकताना दिसले. ती एक टाकलेली कात होती, दोऱ्यासारखी लांब आणि काचेसारखी पातळ. शेपटीशी मावशीने उमटवलेले नाव होते, रेशीमसूत. एकही अक्षर पुसलेले नव्हते. आत कोणी नव्हते.