बुजगावण्यांचे पीक

विदेह देशात उदयसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व पोपटाच्या कुळात जन्मले आणि सावरीच्या एका झाडावर मोठ्या थव्याचे राजे झाले.

एका वर्षी लोक शेती सोडून जाऊ लागले. राजाने दवंडी पिटवली, "जो साळ पेरील, त्याला शेतामागे राजकोठारातून धान्य नि बियाणे मिळेल." हुकूम चांगलाच होता. पण शेते मोजणाऱ्या अमात्याला चिखलाचा भारी कंटाळा. तो हत्तीवरून न उतरता रस्त्यावरूनच बुजगावणी मोजी. "रिकाम्या रानाला राखण कोण लावतो?" असे त्याचे म्हणणे.

हे कळताच धनगुप्त जमीनदाराने साळ सोडून बुजगावणीच पेरली. माळावर बुजगावणी, खडकावर बुजगावणी. एक तर म्हणे तळ्यात गळाभर पाण्यात उभे होते! गावाच्या वाट्याचे धान्य गाड्या भरभरून त्याच्याच घरी गेले.

खेमा नावाची विधवा मात्र खरोखर साळ पिकवी. बांधाकडची एक ओळ तिने पोपटांना देऊन टाकली होती. आतल्या लोंबीला ते चोच लावत नसत. म्हणून तिच्या शेतात बुजगावणेच नव्हते.

"बुजगावणे नाही, म्हणजे शेत नाही," अमात्य म्हणाला.

"मग काय, अंगावरचं लुगडं सोडून काठीला नेसवू?"

हत्ती पुढे गेला. खेमाचे उभे पीक जेमतेम पोटापुरते होते. बियाणे मिळाले नाही, तर तिला गाव सोडावे लागणार होते.

कुरकुर राजाच्या कानी गेली. तो स्वतः येतोय म्हटल्यावर धनगुप्ताने माळावर गवताच्या काड्या रोवल्या आणि सावरीखाली येऊन हात जोडले.

"पोपटराज, उद्या तेवढं माझ्या रानात उतरा. पोपट दिसले की लांबून साळच वाटते. मग वर्षभर माझं कोठार तुम्हाला उघडं!"

तो जाताच थव्यात कलकलाट झाला. "जाऊ या, महाराज! कुठे ती एक ओळ नि कुठे कोठार!"

"ते धान्य खेमाच्या वाट्याचं आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "उद्या उतरू. पण मी बसेन तिथेच बसा."

सकाळी राजा आला. थवा झेपावला. धनगुप्ताचा चेहरा फुलला. आणि सगळे पोपट बुजगावण्यांच्याच डोक्याखांद्यांवर जाऊन बसले. एकाने तर पागोट्यात डुलकी काढली.

"अरे, पोपट कधी बुजगावण्यावर बसतात का?" राजाने विचारले.

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाले, "साळ असती तर लोंब्यांवर बसलो असतो. इथे पीक म्हणून हेच आलंय."

राजा खो खो हसला. मग पोपटांमागून खेमाच्या शेतावर गेला. बांधाची ओळ कुरतडलेली, बाकीचे शेत सोन्यासारखे डुलत होते. त्याने खेमाला तिथेच बियाणे देवविले, आणि हुकूम काढला, "ज्याच्या पायाला चिखल नाही, त्याची मोजणी खरी नाही."

धनगुप्ताला तो हद्दपार करणार, तोच बोधिसत्त्व म्हणाले, "नको, महाराज. धान्य गावाला परत करवा, आणि खेमाच्या शेतात बुजगावणं नाही, तेवढी उणीव भरून काढा."

कापणी होईपर्यंत धनगुप्त हात पसरून तिथे उभा राहिला. पहिल्या दिवशी पोपट भ्याले. दुसऱ्या दिवशी खांद्यावर बसले.

ही कथा भिक्षूंच्या सभेत सांगून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा धनगुप्त आजचा देवदत्त, राजा म्हणजे आनंद, खेमा म्हणजे उत्पलवर्णा, आणि पोपटांचा राजा मीच होतो. कोठार उघडे असता चोच मिटून राहते, तो अलोभ."

हत्तीवरचा अमात्य कोण, ते त्यांनी सांगितले नाही. सभेत दोघातिघांनी हळूच आपापल्या पायांकडे पाहिले.