‘नाही’ कुठे म्हटलं गेलं

“...पण ‘हो’ कोण म्हणालं ते बघू नका, ‘नाही’ कोण म्हणालं ते शोधा, हे तुम्हीच शिकवलं होतंत ना सर? की मी चुकीचं ऐकलं?”

हुदलीकरसर ओसरीवर पाटावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बरोबर ऐकलंस,” ते म्हणाले.

श्रीरंग उपासनीला हे उत्तर नको होतं. सरांनी वाद घालावा, आपल्याला खोडून काढावं, अशी तयारी करून तो आला होता. पहाटे मुंबईहून निघालेला, वाटेत कुठे धड थांबलाही नव्हता. आजरा मागे टाकून हिरण्यकेशीच्या काठची ही काजूची बाग शोधेपर्यंत दुपार कलली होती. नदीवरून धुकं वर चढायला लागलं होतं.

हुदलीकरसर कोल्हापुरात वकिली करत आणि संध्याकाळच्या वर्गांना करकायदा शिकवत. एक दिवस त्यांनी वकिलीची सनद परत केली आणि या दोन खोल्यांत येऊन राहिले. का, ते कोणाला सांगितलं नाही. जुने विद्यार्थी अधूनमधून येत. श्रीरंग कधी आला नव्हता. त्याचं नाव मात्र इथपर्यंत येत असे. परदेशी कंपन्यांचा कर म्हटलं की मुंबईत पहिल्यांदा त्याचंच नाव घेत, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

वर्गात सर विचारायचे, कंपनी कुठे राहते? मुलं पत्ते सांगायची. सर म्हणायचे, तिला शरीर नाही, घर नाही. सह्या तर कुठेही होतात, विमानात होतात, हॉटेलात होतात. म्हणून सही बघू नका. कोणीतरी काहीतरी मागितलं आणि त्याला नकार मिळाला, तर तो नकार ज्या खोलीत ठरला ती खोली शोधा. कंपनी तिथे राहते. आणि जिथे ती राहते, तिथल्या सरकारला तिच्याकडे कर मागता येतो.

श्रीरंगने हे वाक्य आयुष्यभर वापरलं.

“मग मी तेच केलं,” तो म्हणाला.

सरांनी एक शेंग मोडली. “काय केलंस ते सांग.”

श्रीरंगने सांगितलं.

त्याची अशील एक परदेशी रसायन कंपनी होती. तिचा कारखाना कोकणात, खाडीच्या काठी. पण कारखाना चालवणारी इथली कंपनी नावापुरती. ठरलेल्या मोबदल्यात माल बनवून द्यायचा, एवढंच तिचं काम. यंत्रं, सूत्रं, नफा, सगळं एका दूरच्या बेटावर नोंदलेल्या दुसऱ्या कंपनीचं. त्या बेटावर कर जवळजवळ नव्हताच. प्राप्तिकर खात्याने म्हटलं, बेटावर नुसती पाटी आहे, खरा कारभार मुंबईतल्या कचेरीतूनच चालतो. तेव्हा कर इथे भरा.

श्रीरंगने बेटावरच्या संचालकांना विचारलं, मुंबईने मागितलेली आणि तुम्ही नाकारलेली एखादी मोठी गोष्ट सांगा.

त्यांनी अशा बऱ्याच गोष्टी काढून दाखवल्या. श्रीरंगने त्यातली एक निवडली. कारखान्यातल्या मोठ्या रिॲक्टरला थंड ठेवणारी यंत्रणा जुनी झाली होती. ती बदलून द्या, अशी मागणी इथून पुन्हा पुन्हा गेली होती. बेटावरच्या बैठकीत तिला पुन्हा पुन्हा नकार मिळाला होता.

“हीच का?” सरांनी विचारलं.

“सगळ्यांत भक्कम होती. इतकी निकडीची गोष्ट, आणि तरी मुंबईला ती स्वतःच्या अधिकारात करता आली नाही. म्हणजे अधिकार कुठे होता, ते आपोआप सिद्ध झालं.”

“जिंकलास.”

“जिंकलो.”

निकालात न्यायाधिकरणाने या मागणीचा उल्लेख केला नाही. ‘महत्त्वाचे निर्णय बेटावर होत होते, ती कंपनी स्वतंत्र होती,’ एवढंच लिहिलं. त्या वर्षी श्रीरंगला दिल्लीत आणि सिंगापूरला भाषणांची बोलावणी आली. प्रत्येक भाषणात त्याने सरांचं वाक्य सांगितलं. ‘माझे एक गुरू म्हणत,’ अशी सुरुवात करायचा. त्यावर टाळ्या पडत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो रिॲक्टर फुटला.

सरांचे हात थांबले.

धुकं आता बागेच्या दगडी गडग्यापाशी आलं होतं. खाली नदीचा आवाज येत होता, नदी दिसत नव्हती.

पुढचं सरांना माहीत होतं. मेलेल्या कामगारांच्या घरच्यांचा दावा रुबीना मुजावर लढवत होती. तीही त्यांचीच विद्यार्थिनी, श्रीरंगच्याच वर्गातली. चिपळूणला कामगारांची वकिली करायची. महिन्यातून एखादी खेप सरांकडे टाकायची. इथली कंपनी कोर्टात म्हणाली, आम्ही हुकमाचे ताबेदार, यंत्र आमचं नव्हतं. ज्यांचं होतं ती बेटावरची कंपनी तोवर विसर्जित झाली होती. जगातल्या देशांनी मिळून मोठ्या कंपन्यांवर किमान कर बसवायचं ठरवलं, बेटावर राहण्यात फायदा उरला नाही, म्हणून ती रीतसर बंद केली गेली. तो सल्लाही श्रीरंगचाच. आणि परदेशातली मूळ कंपनी म्हणाली, तुमच्याच देशाच्या न्यायाधिकरणाने लिहून ठेवलंय, बेटावरची कंपनी स्वतंत्र होती. मग आमचा काय संबंध?

रुबीना याच ओसरीवर बसून म्हणाली होती, सर, माणसं मेली आहेत आणि समोर कोणीच नाहीये.

“तिला ते माहीत नाही,” श्रीरंग म्हणाला. “थंड ठेवणारी यंत्रणा मागितली होती, ती नाकारली होती, हे तिला माहीत नाही. करखात्यापुढचा जबाब बाहेरच्या कोणाला मिळत नाही. नाकारणारी माणसं आज मूळ कंपनीत बसतात. तिला ते कळलं तर...”

“तर?”

“तर त्यांना धोका माहीत होता, हे ठरतं. मग ती त्यांना सुटू देणार नाही.”

सरांनी पुन्हा एक शेंग उचलली.

“पण मी सांगू शकत नाही सर. अशिलाची गोष्ट आहे. ती बाहेर काढली तर माझी सनद जाईल.”

“जाईल,” सर म्हणाले.

श्रीरंगला वाटलं होतं, सर यातून काही वाट काढतील. कुठलं तरी कलम, कुठला तरी जुना निवाडा, वकिलाला तोंड उघडायला मुभा देणारा. किंवा निदान म्हणतील, तू तुझं काम केलंस. गेले कित्येक आठवडे तो हे एक वाक्य ऐकायला आसुसला होता. बायकोने ते म्हटलं होतं. भागीदारांनी म्हटलं होतं. त्याने काही फरक पडला नव्हता.

“मला झोप लागत नाही,” तो म्हणाला.

...

“ती मागणी तू वाचली होतीस?” सरांनी विचारलं.

“हो.”

“पूर्ण?”

“हो.”

“वाचताना काय वाटलं?”

“आनंद झाला,” श्रीरंग म्हणाला.

सरांनी सोललेल्या दाण्यांचं ताट बाजूला सारलं. टरफलं गोळा केली, उठून गडग्याबाहेर टाकून आले. चालताना त्यांचा तोल जात होता. श्रीरंग हात द्यायला उठला, पण त्यांनी तो घेतला नाही.

परत येऊन बसल्यावर ते म्हणाले, “मग मला कशाला सांगितलंस? माझ्याकडे तर सनदही नाही. अशिलाची गोष्ट तू आज बाहेर काढलीसच.”

“तुम्ही गुरू आहात.”

“म्हणून मी ऐकलं तर ते ऐकणं नव्हे?”

श्रीरंग गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. त्याने हात जोडले. सरांनी रुबीनाला यातलं काही सांगू नये, एवढं वचन द्यावं, अशी त्याने विनवणी केली. आपल्या कार्यालयात चाळीसेक माणसं आहेत, मुलगी परदेशात शिकतेय, हे सगळं तो बोलून गेला. बोलता बोलता त्याला स्वतःचीच लाज वाटली, तरी तो थांबला नाही.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“मी सांगणार नाही,” ते म्हणाले. “ते सांगणं माझं नाही.”

श्रीरंगने श्वास सोडला.

सरांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. साधा, बटणांचा. डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी एक नंबर लावला आणि फोन श्रीरंगच्या हातात दिला.

“कोणाला?” श्रीरंगने विचारलं. पण तोवर पलीकडे उचलला गेला होता.

“बोला सर,” रुबीनाचा आवाज आला.

सरांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता. ओसरीभर ऐकू येत होतं.

श्रीरंग फोन धरून उभा राहिला.

“सर, मीच करणार होते तुम्हाला,” रुबीना म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. “संपलं आज. शेवटच्या घराने पण सही केली. कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या विम्यातून जे मिळतंय ते घेऊन गप्प बसायचं, असं ठरलं. उद्या कोर्ट उघडलं की तडजोड दाखल करते.”

श्रीरंगचे ओठ हलले.

“सुगंधाताई शेवटपर्यंत अडून बसल्या होत्या. दशरथ पाष्टेची बायको, मी सांगितलं होतं ना तुम्हाला. त्यांना पैशाचं नव्हतंच. दशरथ घरी येऊन सारखा म्हणायचा म्हणे, ते यंत्र बदलायला हवंय. त्यांचं एकच होतं... बदलू नका असं कोण म्हणालं, तेवढं मला कळू दे, मग कुठे म्हणाल तिथे सही करते. मी म्हटलं, ताई, ते आपल्याला कधीच कळायचं नाही. मग केली त्यांनी सही.”

फोनमध्ये मागे कुठेतरी एस.टी.चा भोंगा वाजला.

“मी बरोबर केलं ना सर?”

श्रीरंगने सरांकडे पाहिलं. सर धुक्याकडे बघत होते.

“उद्यापर्यंत वेळ आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी थांबते. त्यांना काय सांगून थांबवू ते कळत नाही, पण थांबते... सर?”

श्रीरंगने तोंड उघडलं. घशातून एक बारीक आवाज आला, शब्द आला नाही.

“सर? ऐकताय ना? सर, बोलत का नाही?”

त्याने बटण दाबलं.

श्रीरंग खाली बसला. फोन त्याच्या मुठीतच होता. आपल्याला आता सर हाकलून देतील, असं त्याला वाटलं, आणि तसं झालं तर बरं होईल असंही वाटलं. सर तसेच बसून राहिले.

मग फोन वाजला.

पडद्यावर तिचं नाव होतं. श्रीरंग बघत राहिला. वाजून वाजून तो बंद पडला. लगेच पुन्हा वाजायला लागला. श्रीरंगने तो सरांपुढे धरला.

सरांनी घेतला नाही.

फोन थांबला. पुन्हा वाजला. श्रीरंगने तो आणखी पुढे केला.

“घ्या ना सर,” तो म्हणाला. “ती थांबत नाहीये.”

सरांनी शाल खांद्यावर ओढून घेतली.

“तिला वाटत असेल, मी गेलो.”