मागच्या सीटचं वजन

मागे माणूस बसला की गाड्या आपणहून अंग उचलून सपाट होत, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका गाडीच्या मागच्या चाकाशी एक लोखंडी कांडी होती. गाडी मागून दबली की कांडी हलायची, तेलाची झडप उघडायची आणि पंप गाडीला वर उचलायचा.

गाडी शालिनीताई चालवत. त्यांचे यजमान हिंदुराव मागे बसत, अधू पाय सीटवर पसरून. हिंदुराव गेले. मग मागे कुणी बसेना. कांडी गंजली, मागचा दाब हळूहळू उतरत गेला आणि गाडी मागून खचली ती खचलीच.

पंप वैतागला. "तेल आहे, जोर आहे, तरी लोक मलाच बदलायला निघालेत. तू झडप का उघडत नाहीस?"

"कुणासाठी उघडू?" कांडी म्हणाली. "ते येऊन बसू देत, मग उघडते."

बाबालाल मिस्त्रींनी आधी पंप पाहिला. तो ठणठणीत होता. मग गाडीखाली शिरून त्यांनी कांडीचा गंज घासून काढला, सांध्यात तेल सोडलं.

"ताई, आता मागं बसा."

"मी नाही हो. ती ह्यांची जागा."

"वजन पडल्याबिगर कळायचं कसं?"

शालिनीताई दार उघडून मागे बसल्या.

हे वजन निम्मंसुद्धा नव्हतं. पण हिंदुरावांच्या बसण्याने सीटला पडलेल्या खळग्यातच ते येऊन टेकलं होतं.

कांडीने झडप उघडली.