जेथ्रोची विकेट आणि लॉर्डसाहेबांचं कुंपण

थिसलकोट नावाच्या इंग्लिश खेड्यात जेथ्रो नावाचा एक भोळा गुराखी होता. या गोष्टीला अडीचशे वर्षं तरी झाली असतील. तेव्हा क्रिकेटच्या विकेटला दोनच काठ्या असत, वर एक आडवी कांडी, आणि चेंडू हाताखालून टाकत. गावात धडधाकट पुरुष कसेबसे अकरा भरत, म्हणून जेथ्रोही संघात होता.

गाव खेळायचं आपल्या कुरणावर, आणि कुरणावर लॉर्डसाहेबांचा डोळा. घ्यायचं तर ते घेणारच होते, पण पडले खेळाडू. म्हणाले, "मोसमातला शेवटचा सामना माझ्या संघाशी. जिंकलात तर कुरण तुमचं, हरलात तर कुंपण माझं." त्यांच्या संघात त्यांचेच माळी. गुलाब कुठला नि कोबी कुठला, एकालाही सांगता यायचं नाही, पण चेंडू टाकत झकास.

पहिल्या सामन्यात जेथ्रोकडे चेंडू आला. त्याने अदबीने बाजूला होऊन वाट दिली. विकेट गेली.

कप्तान अँब्रोज, म्हणजे गावचा खानावळवाला, म्हणाला, "येड्या, चेंडू दिसला की हाणायचा."

"बरं, कप्तान."

दुसऱ्या सामन्यात एक सोपा झेल थेट जेथ्रोकडे आला. त्याने गुरं हाकायची काठी फिरवली आणि चेंडू नदीत घातला.

"अरे बाबा, आलेला चेंडू दोन्ही हातांनी धरायचा."

"मग आधी सांगायचं ना."

तिसऱ्या सामन्यात तो फलंदाजीला. चेंडू आला. त्याने बॅट खाली ठेवली, चेंडू दोन्ही हातांनी धरला आणि छातीशी घेतला. पंचांनी बाद दिलं.

अँब्रोजने कपाळाला हात लावला. "नीट ऐक. फलंदाजी करताना हाणायचं आणि विकेट राखायची. काही झालं तरी विकेट सोडून जायचं नाही. कळलं?"

"कळलं. सोडून जायचं नाही."

आला शेवटचा सामना. शेवटची जोडी, जेथ्रो आणि अँब्रोज. जिंकायला दोन धावा हव्यात. जेथ्रोने असा हाणला की चेंडू चर्चच्या आवारात.

"पळ, जेथ्रो, पळ."

जेथ्रो वळला. दोन्ही काठ्या उपटून काखेत मारल्या, कांडी दातात धरली, आणि पळाला.

स्वतःची विकेट स्वतःच मोडली, म्हणून बाद. लॉर्डसाहेबांनी रुमालाआड हसून घेतलं.

अँब्रोज दात आवळून म्हणाला, "जेथ्रो, काठ्या खेळ संपल्यावर उपटतात. आणि माझ्या खानावळीत आणून टाकतात."

"असं होय."

आठवड्याभरात कुरणाला कुंपण पडलं. काठीला काठी लागून, पार नदीपर्यंत. लॉर्डसाहेब घोड्यावरून आले. गाव माना खाली घालून उभं.

"इथला खेळ आजपासून संपला," एवढं बोलून ते मेजवानीला गेले. गाव घरी गेलं. जेथ्रो तेवढा मागे राहिला.

संध्याकाळी लॉर्डसाहेब परतले तर कुरणात गावच्या गाई निवांत चरत होत्या. कुंपण कुठेच नव्हतं. शेवटच्या काठ्यांचा भारा घेऊन जेथ्रो समोरच्या खानावळीच्या दारात पोचला होता.

"हे करायला कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच, साहेब. खेळ संपला म्हणालात."

दारात अँब्रोज उभा होता. त्याच्यामागे शेकोटी धडाडून पेटली होती, आणि आत सगळं गाव शेकत बसलं होतं.

"पुन्हा चुकलं का, कप्तान?"

अँब्रोजने शिकवायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि त्याच्या खांद्यावरचा भारा उतरवून घेतला.