सत्तेचाळीस नंबर

"मग हा सत्तेचाळीस नंबर कुणाचा, बुवा?"

हेरंबने विचारलं. पुण्यातली नेटवर्कची नोकरी सोडून तो मंत्र घ्यायला आडगिरीच्या मठात आला होता. केशवबुवांनी त्याला मंत्राऐवजी नेटवर्कच्या स्विचची खोली दाखवली.

"आधी पत्ते पुरव. मंत्राचं मग बघू."

मठातले आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक फोनला लागणारे नंबर, संपले होते. भक्तनिवासात फोनला पत्ता मिळेना, म्हणून नेट मिळेना. भक्त देवाला सोडून ऑफिसात येऊन हाका मारायचे.

"महिपतचा," बुवा म्हणाले. "माझा शिष्य. त्याच्या फोनसाठी राखून ठेवलाय."

"तो फोन नेटवर्कवर दिसतच नाही."

"तोही दिसत नाही."

"कुठे असतो?"

"भांडून गेला..."

रोज काकडआरती झाली की बुवा माळ बाजूला ठेवायचे, लॅपटॉप मांडीवर घ्यायचे आणि सत्तेचाळीसला पिंग करायचे. पिंग म्हणजे 'आहेस का रे?' एवढीच हाक. उत्तर यायचं नाही. मग बुवा जेवढ्यास तेवढं बोलायचे.

"पत्ते नाहीत आणि तुम्ही एक अडवून बसलाय," हेरंब म्हणाला. "हा मोह नाही का?"

"आहे की. तू कामाचं बोल."

"इमारतीगणिक वेगळं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, आणि प्रत्येकाला पत्त्यांचा वेगळा गट. दर गटात तीन पत्ते नुसते व्यवस्थेत जातात, शिवाय जिथे माणसं कमी तिथले पडून राहतात. मी सगळी व्हीलॅन एका मोठ्या व्हीलॅनच्या पोटात घालतो. गट एक, बाहेर जायचं दार एक."

"आणि इमारती?"

"वेगळ्याच. थेट कुणी कुणाला दिसणार नाही. दारातून विचारायचं."

"असंच असतं," बुवा म्हणाले आणि झोपले.

हेरंबने जुनी मांडणी पुसली, नवी चढवली. पत्ते उरले. सकाळी तो ताठ मानेने बुवांपुढे बसला.

बुवांनी माळ बाजूला ठेवली. पिंग केलं.

उत्तर आलं.

बुवांनी पुन्हा केलं. पुन्हा आलं.

"हेरंबा... आहे रे तो. आहे!"

पांढऱ्या दाढीतून पाणी ओघळत होतं.

"जवळ ये. कान कर इकडे. मंत्र घे."

हेरंब वाकला. कान बुवांच्या ओठांपाशी नेला... आणि त्याला आठवलं. जुनी मांडणी पुसताना राखीव पत्त्यांची नोंदही पुसली गेली होती. सत्तेचाळीस मोकळा झाला, आणि ज्याने आधी मागितला त्याला स्विच तो देऊन बसला.

त्याने वाकूनच लॅपटॉपवर पत्त्यांची यादी उघडली आणि सत्तेचाळीसपुढचं नाव वाचलं.

"बुवा, तो महिपत नाहीये."

"मग उत्तर कोण देतंय?"

"माझी चूक झाली. आपण चपला ठेवतो ना, तिथला कॅमेरा उत्तर देतोय."

हेरंबने कान मागे घेतला.

"काढून घेतो त्याच्याकडनं. आत्ता."

"राहू दे," बुवा म्हणाले. "अनवाणीच गेलाय तो... बघ जरा, चपला दिसतात का त्याच्या."