उतारावरची राजेळी केळी

शिरवण्याच्या खाडीत गेलेला हा दगडी उतार बघा. पाय जपून टाका. मागच्या पौर्णिमेला इथून नवी होडी गेलीय, आणि आमच्याकडे होडी पाण्यात जाते ती केळ्यांवरून. हसायचं तर हसा, पण ऐकून मग हसा.

हा उतार फेअरली नावाच्या विलायती कंपनीने बांधला, असे सांगतात. थंड मुलखात पिढ्यानपिढ्या जहाजं बांधणारी ती माणसं. तिकडचं लाकूड सरत आलं तशी आमच्या सागामागे इथे आली. गावातले सगळे सुतार त्यांच्या कामाला लागले. पहिलं जहाज तयार झालं तेव्हा कंपनीच्या हॅलम साहेबाने वैशाखी पौर्णिमेचं दुपारचं उधाण धरलं. जहाज तरंगल्याशिवाय एकही सुतार घरी जायचा नाही, असा त्याचा हुकूम.

नेमकं त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर चांगुणेच्या थोरलीचं लग्न, आणि नवरामुलगा बाबल जहाजाच्या पाचरांपाशी अडकलेला. चांगुणा म्हणजे नवऱ्यामागे चार पोरी एकटीने वाढवलेली बाई. पोरीला हळद लागलेली. हा मुहूर्त चुकला तर पुढे अधिक महिना. तोवर गावाची तोंडं कोण धरणार?

साहेबाने आपल्या देशाच्या रीतीने आदल्या दिवशीच जहाजाखालच्या घसरत्या फळ्यांना चरबी फासून ठेवली होती. तिकडे ती थिजून राहत असेल. इथे वैशाखाचं ऊन. सगळी वितळून दगडांच्या फटीत गेली. दुपारी पाचरा काढल्या, जहाज हातभर सरकलं, कुरकुरलं आणि बसलं ते बसलंच. दोर ओढून सुतारांच्या हातांची सालं निघाली. ओहोटी लागली की पुढच्या उधाणापर्यंत सगळे तिथेच.

मांडवात ही बातमी आली तेव्हा चांगुणेने एवढंच विचारलं म्हणे, की त्या जहाजाला हवंय तरी काय. कुणीतरी म्हणालं, काहीतरी बुळबुळीत. तिने कोठीत पाहिलं. पंगतीसाठी अढीत पिकवलेले राजेळी केळ्यांचे घड रचलेले होते. मग तिने पदर खोचला, बायकांच्या डोक्यावर घड दिले आणि वाजंत्री पुढे घालून वरात उतारावर आणली.

बाईची सावली पडली तर जहाज बुडतं, असं सुतारांनीच ठरवून ठेवलेलं. बाबलचे वडील महादू मेस्त्री हात पसरून आडवे आले. "विहीणबाई, बायकांनी इथे यायचं नाही."

"जहाज माझं नाही, व्याहीबुवा. जावई माझा आहे. बाजूला व्हा, नाहीतर केळ्यांबरोबर तुम्हालाही फळीवर घालते."

महादू बाजूला झाले. साहेब हसून म्हणाला, केळी खायला आणली काय.

"खायचीच होती, मेल्या. तुझ्यापायी राहिली."

मग बायकांनी सालींसकट केळी फळ्यांवर टाकली आणि नाचत तुडवली. नवरीनेही हळदीच्या पायांनी तुडवली, आणि जहाजाच्या कुशीला हात लावून म्हणाली, "चल ग बाय, दोघींनाही सासरी जायचंय." असे सांगतात की सगळा साग गाईच्या कातडीसारखा शहारला. दोराला कुणाचा हात लागायच्या आत जहाज निघालं, म्हैस डोहात शिरावी तसं. साहेब आनंदाने मागे धावला, सालीवर घसरून बसला आणि टोपीसकट खाडीत गेला. त्याला बाहेर काढला तो बाबलने. दोघेही ओलेच मांडवात आले. गोरज गाठली. पंगतीत केळं नव्हतं, तरी कुणी नाव ठेवलं नाही.

कंपनी केव्हाच गेली. आता होड्या फायबरच्या, ट्रॉलीवरून सुद्धा उतरतील. पण आजही पहिला घड टाकते ती लग्नाच्या मुलीची आई, आणि होडीमागून मालकाला बसून घसरत खाडीत जावंच लागतं. मागच्या पौर्णिमेला एकजण इस्त्रीची पँट घालून आला आणि नाही म्हणाला. चांगुणेच्या कुळातली एक बाई घड घेऊन उभी होती. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

बसला.